पाऊण किलो

अनिमिषला पिस्तूल मी दिलं, तिसऱ्या पुस्तकात.
पहिल्या दोनांत तो चाकूवर भागवायचा,
पण अप्पा बळवंत चौकातून प्रकाशकांचं पत्र आलं:
मुखपृष्ठावर चाकू उठून दिसत नाही.

मग कुवेतला, शुवैखच्या गोदामात, बाराच्या पुढे
पत्रा तापून कडकड वाजायला लागला की
रॅकवरून एक पितळी व्हॉल्व्ह उचलायचो,
वजन बरोबर पाऊण किलो,
आणि तो उजव्या हातात तोलत
डाव्याने लिहायचो, मी डावखुरा:
'अनिमिषच्या तळव्याला पोलादाचा गार स्पर्श झाला.'
गार!
व्हॉल्व्ह दर ओळीला खाली ठेवावा लागायचा.

त्याचा कोट काखेत कधी फुगला नाही.
घाम नाही. पापणी तर
नावातच लवत नव्हती.

फक्त तासगावचे निवृत्त हवालदार ज्योत्याजी खराडे
दर पुस्तकाला एक पोस्टकार्ड टाकायचे:
'पिस्तुलात गोळ्या आठ. पान ६१ ते ६४ उडाल्या अकरा.
वरच्या तीन कुठून आणल्या, कळवावे.'
मी कधी कळवलं नाही.

नव्वदच्या ऑगस्टात, हवल्लीच्या नाक्यावर
माझी पिशवी ज्याने उलटी केली
त्याला मिशीही धड फुटली नव्हती.
रायफलीचा पट्टा तुटलेला, त्याजागी
कपडे वाळत घालायची निळी दोरी, दोन गाठींची.
गाठ खांद्यात रुतायची. तो सारखा ती सरकवत होता.

पडले चार कांदे, एक खुबूस आणि वही.
वहीच्या समासात पिस्तुलाचं चित्र, बाण काढून मापं लिहिलेली.

माझी पापणी किती वेळा लवली, मोजली नाही.

'हिंदी?' त्याने विचारलं.
म्हटलं, हिकाया. गोष्ट. नुसती गोष्ट आहे.
त्याने चित्र आडवं धरलं, उभं धरलं,
माझ्या खिशातलं पेन काढलं,
आणि रायफल गुडघ्यांत दाबून, जीभ बाहेर काढून
चापाच्या मागे एक बारीक कळ काढली:
मॅगझिन सोडवायची.
एकतीस पुस्तकं मी ती विसरलो होतो.
तिच्याशिवाय दुसऱ्यांदा भरणार कसं?

मग खुबूस घेतला. अर्धा मोडून परत दिला.
पेन दिलं नाही.

बत्तिसावं पुस्तक जॉर्डनच्या सरहद्दीवर, तंबूत सुरू केलं,
उसन्या पेन्सिलीने.
त्यात अनिमिषला घाम येतो, कोट काढावा लागतो,
पिस्तूल सगळ्यांना दिसतं
आणि दिसल्यावर कुणी त्याच्याशी मोकळं बोलत नाही.
पान ऐंशीपर्यंत तो नुसता
खायला काही मिळतंय का बघत हिंडतो.
मध्येच नाक्यावर एक पोरगा भेटतो, तीन ओळींपुरता.

निम्म्या प्रती परत आल्या.

पोस्टकार्ड एकच:
'एकही गोळी उडाली नाही. हिशेब बरोबर.
निळ्या दोरीच्या पोराचं पुढे काय झालं,
कळवावे.'