मागील बाकी

दुकानाला फळ्या सात.
सातवी आषाढात फुगते, खाचेत बसत नाही,
मग तिच्या जागी पोतं लटकतं
आणि पोत्याआड झोपतो भावकाण्णा
गुळाच्या ढेपांना पाठ लावून.
खानापूरची एस्टी इथं वळते.
कंडक्टर पत्र्यावर थाप मारून ओरडतो, "भावकाण्णा!"
तिकिटावर या स्टॉपचं नाव दुसरंच आहे.

पाटी आधी नुसती मराठीत होती.
मग साहेब आले, म्हणाले, कानडी वर घ्या.
पेंटर आला, त्यानं शिडी मागितली, दोनदा चहा प्याला.
"वर लिही की," भावकाण्णा म्हणाला,
"खरं मिठाचा भाव तोच राहतोय."
पुढं पावसानं दोन्ही ओळी खाल्ल्या.
आधी कुठली, ते कुणी बघितलं नाही.

तांदूळ मापताना
वाडीवरच्या निंगव्वाला तो म्हणतो
लाभ, एरडु, मूरु.
आमच्या आईला
लाभ, दोन, तीन.
पहिलं माप दोघींना एकाच शब्दात मिळतं.
शेवटच्या मापावर तो मूठभर जास्त टाकतो
आणि भलतीकडं बघतो.

डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून
दिवेलागणीला त्याची वही मी लिहितो.
दहावी नापास, खरं अक्षर बरं.
पगार म्हणून चहा, आणि बरणीच्या तळाला चिकटलेल्या
लिमलेटच्या गोळ्या, उलथन्यानं खरवडून.
तो सांगत जातो:
ओमाण्णा सुतार, खिळे पावशेर, दोन इंची.
मास्तरीणबाई, नीळ, पांढरं रीळ.
लुमाण्णाची आई, चहापूड, तिचं नको लिहू,
पोरगा गोव्याहून फोनवर घालतोय.
तेवढ्यात गल्ल्यावरचा डबा बोलतो, पैसे मिळाले म्हणून,
आणि भावकाण्णा दचकून त्याला "हां" म्हणतो.

चाळीस वर्षं उद्री लिहिली.
बुडवणाऱ्यांची नावंसुद्धा वळणदार.
एकच सामान वहीत चढत नाही.
रात्री फळी वाजली, तीही हळू,
की तो "कोण" म्हणत नाही.
अंधारातच विचारतो, "बाप्या की बाई?"
बाई असली तर, "नवरा हाय काय?"
तेवढ्यावर ठरतं
पांढरं काढायचं की हिरवं.
कापूर, मडकं, सुतळी, सुटे पैसे,
सगळं एका हातानं, बत्ती न लावता,
आणि नेणाऱ्यानं खिशात हात घातला
की भावकाण्णा म्हणतो, "जा आता, उशीर करू नको."

त्याची द्रुपदाक्का गेली
तेव्हा फळी वाजली नाही.
ती आतच होती, तांदळाच्या खोलीत, सूप मांडीवर.
त्याला कुणी काही विचारलं नाही
आणि त्यालाही कुणाला विचारायला लागलं नाही.
शिडी लावून स्वतः चढला.
हिरवा खण काढला, उलगडून बघितला,
घडीवर पडलेला ठेवून दुसरा घेतला.
काकणांचे डबे चार होते.
बोटांनी चाचपून बरोबर काढली, सव्वादोनची.
माणसं अंगणात थांबलेली,
आणि हा गल्ल्याशी बसून, चष्मा लावून, लिहीत होता.

ते पान मी पहिल्यांदा बघितलं
गेल्या दिवाळीला, नवी वही घालताना.
वर नाव त्याचं स्वतःचं.
खण एक. काकणं डझन. कुंकू. कापूर.
रकमेच्या जागी काहीच नाही.
आणि खाली, वर्षामागून वर्ष,
त्याच्याच हातचं, दरवेळी थोडं थरथरतं:
मागील बाकी.

वहीला हळदकुंकू लागलं.
पोरं बाहेर फटाके वाजवत होती.
एकेक नाव मी नव्या पानावर घेत होतो,
फेडलेल्यांवर काट मारत होतो.
त्या पानावर आलो आणि थांबलो.
"अण्णा, हे एक राहतंय.
ह्याचं काय करू?"

तो वाती वळत होता.
वर बघितलं नाही.

"ओढ की पुढं," म्हणाला.