तिसापर्यंत

त्र्यंबकमामाचा फोन आला की आधी थंडीची बातमी,
मग मुद्दा. या खेपेला मुद्दे दोन:
मेळ्यात कुणीतरी मफलर लंपास केला, मरून रंगाचा,
आणि हीटर पेटतो, पण टिकत नाही.

रविवारी मी मालनपूरहून आले.
पिशवीत दहाचा पाना, बाराचा पाना, बारीक तार,
जुना टूथब्रश आणि त्याची आठवड्याची औषधं.
जीवाजीगंजात दुपारी बारालाही धुकं,
पाण्यात कालवलेल्या चुन्यासारखं.

हीटरही मेळ्यातलाच, एकोणनव्वद सालचा.
पाठीत सिलिंडर, तोंडात चिनीमातीच्या तीन वड्या,
मधल्या वडीला तडा. दौलतगंजच्या मिस्त्रीने
न उघडताच निकाल दिला होता,
"बाबूजी, अब इसे कबाड़ी को दे दो."
मामाने ते वाक्य मला तीनदा सांगितलं,
तिन्ही वेळा नव्याने दुखावून.

आधी साबणाचं पाणी.
रेग्युलेटरच्या मानेला, नळीच्या दोन्ही टोकांना फेस लावला
आणि आम्ही दोघं बुडबुड्याची वाट बघत बसलो.
आला नाही. नळी तरीही बदलली.
जुन्या नळीवरची तारीख चष्मा वर करून वाचत
मामा म्हणाला, "तेव्हा मी नोकरीत होतो."

मग पायलटची बारीक नळी. फुंकली, तर अडली.
तारेने खरवडलं तेव्हा निघालं कोळ्याचं जाळं,
सरकीएवढं, त्यात वाळका एक पाय.
गॅसच्या वासाला भुलतात म्हणे.
"भाडं न देता राहत होता," मामा म्हणाला.

मग थर्मोकपल, तांब्याची बोटभर दांडी.
ज्योतीत टोक धरून बसते,
तापली की झडपेला सांगते, आग आहे, येऊ दे.
गार पडली की गप्प.
टोकावरची काजळी घासून काढली.

बटण दाबून धरायचं, तिसापर्यंत मोजायचं.
मामा मोठ्याने मोजतो, तारघरातल्या ठेक्यात.
सतराला अडखळला, पुन्हा चौदावर गेला.
मी बोट उचललं नाही.
तीस. सोडलं. ज्योत राहिली.
वड्या नारिंगी झाल्या, आम्ही चहा घेतला.

चोविसाव्या मिनिटाला
टक्.

पुन्हा उघडला, पुन्हा जोडला, पुन्हा तीस.
एकविसाव्या मिनिटाला टक्.
मामा काही बोलला नाही, पण त्याच्या तोंडावर
तो मिस्त्री येऊन उभा राहिला.

माझं डोकं ठणकत होतं.
"माझंही दुखतं," तो म्हणाला, "रोज संध्याकाळी. थंडीनं."
तेव्हा मी यंत्राकडे बघायचं सोडलं
आणि वर बघितलं.

झरोक्यात, पार आतपर्यंत ठासलेला,
मरून रंगाचा मफलर.

समोरच्या मॅरेज गार्डनच्या बँडला वैतागून
कधीतरी स्टुलावर चढून त्यानेच.
त्याला आठवेना.
"चोर इथवर आला होता?" त्याने विचारलं.
विनोद असेल म्हणून मी हसले,
मग त्याचा चेहरा पाहिला.

हवा संपत आली की पायलटची ज्योत कासावीस होते,
दांडीपासून दूर सरकते, झडप मिटते.
एवढं एक त्याला कारखान्यातून शिकवून पाठवलं होतं
आणि इतक्या वर्षांत, तडा जाऊन, काजळी चढून,
पोटात कोळी बाळगून
ते तो विसरला नव्हता.

मफलर झटकला, मामाच्या गळ्यात गुंडाळला.
झरोक्यातून बँड आला, मागोमाग गार वारा.
"थंडी येते गं."
"येऊ दे बोटभर."
तिसऱ्यांदा मोजलं. सतराला तो थांबला,
मी थांबले, अठरा त्याचाच त्याला सापडला.
तासभर झाला. टक् झालं नाही.

निघताना झरोक्याखाली खडूने लिहिलं,
मोठ्या अक्षरात: हा बंद करायचा नाही.

पुढच्या रविवारी त्याखाली
त्याच्या रेखीव, सरकारी अक्षरात एकच शब्द होता:
का?