इतर

कोण जिंकणार यावर आमच्या खात्यात कुणी पैज लावत नाही.
ते सगळ्यांना माहीत असतं,
निदान तसं सगळ्यांना वाटतं.
आमची पैज खालच्या अंगाला असते :
देशभरात बादलीला मतं जास्त, की शिवणयंत्राला.

अंबादास येमूल शिवणयंत्रवाला.
"काय बे नागनाथ, या गावात गणवेश शिवणाऱ्या बाया किती, मोज की."
मी म्हणालो, "पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या गावात
बादल्या किती, ते आधी मोज."
मागांचा आवाज एवढा, की दोघंही ओरडून बोलत होतो.
लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, भांडण.

हरणाऱ्यानं मोराची डबल चादर द्यायची,
पगारातून. सेकंडचा माल चालणार नाही.

शितावरून भात कळतो म्हणतात.
मी एका बुथावरून देश शिजवायला घेतला.
टॉवेलच्या डझनांची वही मागच्या पानापासून उघडली
आणि नावं लिहीत गेलो.
शिवशरण आणि त्याचे दोघे भाऊ, तीन.
मकबूल फिटर, त्याची म्हातारी, चार-पाच.
कांड्या भरणारी सिद्धव्वा काही बोलली नाही,
पण बादली म्हटल्यावर हसली, म्हणून धरली.
विडीच्या ओळीतल्या बायांना विचारलं
तर हजारामागे किती विड्या छाटून फेकल्या
तेच सांगत बसल्या. त्यांना सोडलं.
असे करत अकरा.
बारावा मी.

मतदानादिवशी ऊन असं, की शाळेच्या फाटकाला हात लावला
तर चटका.
डोक्यावर ओला पंचा, रांगेत पाऊण तास.
आत गेलो. बादली खालून तिसरी.
बोट तिथवर गेलंही होतं.
मग मनात आलं, एवढ्या उन्हात येऊन
मत 'इतर'मध्ये घालायचं?
बोट वर सरकलं.
काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसली.
सात सेकंद बराच वेळ असतो.
मग ती पडली.

निकालादिवशी टीव्हीवर मोठ्यांचे रंगीत आकडे,
आणि अगदी कडेला एक करडी पट्टी : इतर.
त्या पट्टीत बादली होती, शिवणयंत्र होतं,
आणखी कुठली कुठली कपबशी, छत्री, पाटी.
सगळ्यांची एकच मोट.
"आता कुणाला विचारायचं बे?" अंबादास वैतागला.
चार दिवसांनी त्याच्या भाच्यानं मोबाईलवर आकडे काढले.
शिवणयंत्र पुढे, एकतीस हजारांनी,
एवढ्या मोठ्या देशात.
मी चादर दिली. त्यानं ती उलगडून
चारी काठ तपासले, मोराचे डोळेसुद्धा.

पुढे बुथवार कागद हाती आला.
आमची खोली, आमची यादी. बोट फिरवत खाली आलो.
बादली : बारा.

बारा.

अकरा यायला हवे होते.
माझं तर मलाच माहीत आहे.
म्हणजे या गल्लीतला कुणीतरी,
माझ्या वहीत नसलेला, न बोललेला, न हसलेला,
त्या उन्हात गेला
आणि खालून तिसरं बटण दाबून आला.

तेव्हापासून मी माणसांकडे जरा जास्त वेळ बघतो.
चहावाला सुटे पैसे परत देतो तेव्हा.
मालकाचा मुलगा गाडीतून उतरतो तेव्हा.
घरी राजमणी मांडीवर सूप घेऊन
पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधते, मान वर न करता.
तिला यादीत घ्यायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.
अजून विचारलेलं नाही.

अंबादासला यातलं काही सांगितलं नाही.
आपला अंदाज बुथापुरता बरोबर निघाला, एवढंच बोललो.
तो म्हणाला, "मग चादर अर्धी कापून देऊ?"

वहीत माझं नाव खोडलं.
त्या जागी पेन टेकवून बसलो होतो
एवढ्यात धागा तुटला, माग थांबला,
उठावं लागलं.