दम

हडर्सफील्डच्या पुढं, कालव्याकाठी, एक गाव आहे.
पाटीवर स्लेथवेट. बोलताना नुसतं स्लाविट.
मधली अक्षरं वाटेत गळतात
आणि कुणाचं काही अडत नाही.
माझ्या प्रोग्रामलाही मी हेच शिकवत होते:
एखादं पॅकेट हरवलं तर रडत बसू नकोस,
मागच्या-पुढच्या सुरावरून अंदाज बांध, भोक बुजव.

बँडच्या खोलीचं छप्पर गळतंय तोवर
सव्वीस माणसांनी आपापल्या डेस्कटॉपपुढं बसून
एकत्र पितळ फुंकायचं,
एवढंच काम.

आवाज तुकड्यातुकड्यांनी निघतो.
कुणी रेंगाळतो, कुणी आगाऊपणानं आधीच पोचतो.
दारात बफर बसवला, त्याला म्हटलं, दम धर.
लवकर आलेल्यांना ओट्यावर बसव,
मागचे येऊ देत, मग रांगेनं आत सोड.
किती दम? वीस मिलिसेकंद.
तेवढ्यात आवाज हवेतून सात मीटर चालतो,
म्हणजे जुन्या खोलीत
मागच्या ट्यूबापासून मॉरीनबाईंच्या काठीपर्यंत.
जास्त थांबलं की ताल लंगडतो,
कमी थांबलं की सूर लाहीसारखा फुटतो.
टॅमसिनचं साउंड कार्ड सेकंदाला तीन नमुने जास्तच देतं,
ते मी गुपचूप गिळते.

गुरुवारी चाचणी. सगळे आकडे हिरवे.
आणि पहिला सूर काही एकत्र पडेना.
सव्वीस माणसं, सव्वीस सुरुवाती.
तीन रात्री मी ड्रायव्हरवर संशय घेतला,
राउटरवर घेतला, स्वतःवर सगळ्यात शेवटी.

मग क्लिफर्ड हेग बोलले. यूफोनियम, वय चौऱ्याहत्तर,
गिरणीतली लोकर छातीत साठलेली,
नाकाला ऑक्सिजनची नळी.
‘पोरी, तुझ्या यंत्रात कुणी श्वासच घेत नाही गं.’

उघडलं ते फंक्शन. माझंच होतं.
गोंगाट गाळणारं.
पंख्याची घरघर, केटल, कालव्यावरची बदकं,
सगळ्यांना एकच चाळण,
आणि त्यातच, सुराच्या आधी आत ओढलेली हवा,
उंबरठ्याखाली घसरलेली,
सव्वीस वेळा.

मला हे कळायला हवं होतं.
मिरजेत बाबा पेट्या दुरुस्त करायचे.
पट्टीला हात लावण्याआधी
भात्याला कान लावायचे.

अकरा ओळी खोडल्या.
पुढच्या गुरुवारी हेडफोनमध्ये सगळं गाव शिरलं:
खुर्च्या, कुणाचं तरी कुत्रं,
हेगांच्या छातीतली बारीक शिट्टी.
मॉरीनबाईंनी काठी उचलली.
सव्वीस घरांतून हवा आत गेली,
माझीही गेली, हातात काही वाजवायला नसताना.

सूर पडला. कसा, ते मला लॉगमध्ये लिहिता आलं नाही.

खोकला थांबल्यावर हेग एवढंच म्हणाले,
‘बदकं जरा खाली लागतायत.’