ऐकू आलं की बटण दाबा

नौपाड्यात, मिठाईच्या दुकानाच्या माळ्यावर
माझी खोली. खोलीत आणखी एक खोली,
भिंतींना चार बोटं जाड कापूस, दाराला रबर.
आत बसलं की गोखले रोड नाही, हॉर्न नाहीत,
फक्त आपलंच रक्त, कानशिलाशी.

मी काचेच्या अलीकडून सूर सोडते.
आधी ठळक, मग बारीक, मग जेमतेम.
ऐकू आलं की बटण दाबा, काका.

गेनभाऊ डुंबरे, वय चौऱ्याहत्तर,
घोडबंदरला मुलीकडे, एकविसाव्या मजल्यावर.
त्याआधी एकतीस वर्षं नारायणगावाकडे
दुर्बिणीच्या थाळ्यांना ग्रीस लावलं.
मुलगी सांगते, दारावरची बेल ऐकू येत नाही त्यांना,
कुकरची शिट्टी नाही, नातीची हाक नाही.
ते म्हणतात, शिट्टीत ऐकण्यासारखं काय असतं?

आठ हजार हर्ट्झ. काही नाही.
सहा हजार. काही नाही.
वय झालं की उंच सूर आधी जातात,
कीर्तनातून पोरं उठून जावीत तसे.
खर्ज बसून राहतो, आरतीपर्यंत.

मग मी काहीच सोडलेलं नसताना,
बोट चहाच्या कपाच्या कानात असताना,
दिवा लागला.

बाहेर आले तेव्हा विचारलं.
म्हणाले, एक झालं. एवढंसं.
रात्रपाळीला असलं कागदावर उमटायचं,
सेकंदाचा हजारावा हिस्सा, की गेलं.
साहेब लोक आधी गावाकडे बघायचे:
कुणी वेल्डिंग करतंय का,
कुणाच्या विहिरीवर मोटर ठिणग्या टाकतेय का,
कुठल्या लग्नात बिनतारी माइक.
मी सायकल काढून माग काढत फिरायचो.
एकदा तर आमच्याच कँटीनचा ओव्हन निघाला,
थांबायच्या आधी दार उघडलेला.
पण कधीकधी
कुणीच निघायचं नाही.

मग ते लांबचं, हे कसं कळायचं?

उंच सूर आधी पोचतो, खर्ज मागून.
निघतात एकाच क्षणी, एकाच उंबऱ्यावरून,
पण ताऱ्यांच्या मधे जे विरळ काहीतरी असतं
त्यात खर्जाचे पाय रुततात.
जितका उशीर, तितकं गाव लांब.
काही तर असे, की निघाले तेव्हा
इथे पाण्यावर नुसतं शेवाळ होतं.

कोण पाठवतं?

कुणी म्हणायचं, मेलेला तारा.
घोडबंदर ते मुंब्रा एवढ्यात मावेल,
पण सूर्याहून जड, चुंबकानं पिळलेला,
त्याची साल तडकते.
कुणी म्हणायचं, दोन तारे आपटले.
मग एक तिथूनच पुन्हा वाजला, पुन्हा वाजला,
आणि ते बोलणंच मिटलं.
फुटलेलं मडकं पुन्हा कसं फुटेल?
एक पोरगा म्हणाला, तिकडे कुणी असेल.
त्याला आम्ही चहा आणायला पाठवला.

रेडिओच्या लाटा कानाला ऐकू येत नाहीत.
हे मला माहीत आहे, त्यांना माझ्याहून जास्त.
तरी जिना उतरताना कठडा धरून थांबले:
मला आता मागून येणारंच कळतं, बाई.
पुढचं निघून गेलेलं असतं.
तुमच्या यंत्रानं ते परत येईल का?

येईल, म्हटलं. थोडं कर्कश वाटेल आधी.

गुरुवारी यंत्र बसवायचंय.
अहवालात एक रकाना असतो,
सूर नसताना दाबलेलं बटण. तिथे एक लिहायचं,
की माणूस थकलाय, की घाईत आहे.
मी तो तसाच ठेवलाय, पेन उघडं.

खालचं दुकान बंद झालं, तुपाचा वास उरला.
मी कापसाच्या खोलीत जाऊन बसले,
दार लावलं, बटण हातात घेतलं.
रक्त. श्वास. बराच वेळ तेवढंच.
मग काही आलं की नाही, सांगता येत नाही,
अंगठा मात्र हलला.

काचेपलीकडे दिवा लागला असेल.
बघायला तिकडे कुणी नव्हतं.