खोगीर टेकतं तिथे

एकशे बाराव्या मेंढीला नस बोलली.
एलेउतेरिओ नावेलपान, वय एक्केचाळीस,
यंत्र हातात, मेंढीची मान गुडघ्यांत,
आणि कमरेतून टाचेपर्यंत
कुणी तापलेली तार ओवावी तसं काहीतरी.
मेंढी अर्धी भादरलेली, तशीच उठून पळाली.
शेडमधले सगळे हसले. तोही हसला असता,
पण हसायला कंबर लागते.

शिंकायला लागते. मोजा चढवायला लागते.
एस्केलपर्यंत दोनशे किलोमीटर खडीच्या रस्त्याने
ट्रकमध्ये मागे लोकरीच्या गाठोड्यांवर
पालथं पडून जायलाही लागते.
प्रत्येक खड्ड्याला तो एकेका संताचं नाव घेत गेला,
सगळीच काही भक्तीने नव्हेत.

डॉक्टर ओंदिना प्यू यांनी पाय सरळ उचलला.
हातभर वर गेला नाही तोच तो ओरडला.
"अंगठा वर कर." केला, थोडासा.
"टाचांवर चाल." चालला, बदकासारखा.
मग आवाज न बदलता त्यांनी विचारलं,
"लघवी अडते? आणि खोगीर टेकतं ना,
तिथे बधिर वाटतं?"
तो लाजला. नाही म्हणाला.
"वाटलं, तर सकाळची वाट पाहायची नाही.
रात्री दोनला ये. बर्फ असला तरी ये.
मणक्यांच्या तळाशी नसांचा एक जुडगा असतो,
त्याला म्हणतातच घोड्याचं शेपूट.
ते चेपलं गेलं की तास मोजायचे, दिवस नाही."
बाकीचं तो विसरला असता. हे नाही.

आपण म्हणतो, गादी सरकली,
जशी एखाद्या संस्थानिकाची सरकावी.
सरकत काहीच नाही.
दोन मणक्यांमध्ये चिवट कडं, आत मऊ गर.
वीस हंगाम, दिवसाला दोनशे मेंढ्या,
दर मेंढीला ओणवं;
कड्याला चीर जाते, गर बाहेर डोकावतो
आणि नसेच्या उंबऱ्यात ठाण मांडतो.
वाटाण्याएवढा ऐवज,
आणि ऐंशी किलोचा माणूस
बुटाच्या नाडीसाठी बायकोला हाक मारतो.

"कापणार?"
"आत्ता नाही. बहुतेक कधीच नाही.
पाय लुळा पडायला लागला, तर बोलू;
मग फोटोसाठी ट्रेलेउला जावं लागेल, सहाशे किलोमीटर.
मेलेल्या मेंढीवर कारांचो बसतात, पाहिलेस ना?
रक्तातही तसले पक्षी असतात.
बाहेर पडलेला तुकडा टोचून टोचून संपवतात."
"किती दिवसांत?"
"आठवडे. कधी महिने. त्यांना घाई नसते.
तोवर अंथरुण धरू नकोस. चाल."

चालला. आधी फाटकापर्यंत,
मग पॉप्लरच्या रांगेपर्यंत, मग नाल्यापर्यंत,
जिथे फ्लोरिंदाने त्याला शिवी देऊन परत आणलं.
जमिनीवर पालथं पडून, कोपरांवर छाती उचलायची;
कुत्रं येऊन तोंड चाटायचं, त्यालाही तीच उंची सोयीची.
चौथ्या आठवड्यात टाच मोकळी झाली,
मग पोटरी. दुखणं एकेक मुक्काम सोडत
कमरेकडे परत निघालं, आणि कंबर जास्तच ठणकली.
त्याला वाटलं, बिघडलं.
ओंदिना फोनवर हसल्या: "घरी चाललंय ते. जाऊ दे."

पुढच्या हंगामात तुळईला स्प्रिंग टांगून
छातीखाली पट्टा घेऊन तो भादरतो.
पोरं म्हणतात, पाळणा.
दिवसाला एकशे तीसच होतात. पगार तेवढा कमी.
उजव्या पायाची करंगळी अजून त्याची नाही,
कुणी उसनी दिल्यासारखी बुटात असते.

रोज पहाटे तो घोडीवर बसतो
आणि लगाम हलवण्याआधी क्षणभर थांबतो.
फ्लोरिंदाला वाटतं, प्रार्थना करतो.
तो फक्त पाहतो: थंड आहे, कडक आहे,
डावीकडे शिवण टोचते आहे.
टोचते आहे.
मग निघतो.