ओळख पटली नाही

अपडेट झाला आणि लॅपटॉप निळा पडला.
अठ्ठेचाळीस आकडे मागतो आता,
सहा-सहाचे आठ घास.
सेलूत, स्टेशन रोडला, दुपारचे दोन,
कूलरमधलं पाणी संपलेलं,
दुकानातला इम्रान म्हणतो, सर, फॉरमॅट मारू का?
टेबलावरची धूळ पुसावी तसं.

आत चौदा वर्षांच्या विहिरी आहेत, बाबा.
एकशे बारा.
दर सोमवारची खोली, फुटांत,
काठावर पालथं पडून, टेप सोडून मोजलेली.
कुलूप मीच घातलं होतं,
चोरानं मशीन नेलं तरी विहिरी हाती लागू नयेत म्हणून.

किल्ली खात्यात आहे.
खातं म्हणतं, आधी तुम्ही कोण ते सांगा.
पहिल्या शाळेचं नाव?
जिल्हा परिषद प्रशाला.
इंग्रजीत सात प्रकारे लिहून पाहिलं.
जुना पासवर्ड?
बायकोचं नाव. मग गावाचं. मग दोन्ही जोडून.
लाल अक्षरांत उत्तर आलं:
तुम्ही तुम्हीच आहात, याची आम्हाला खात्री पटली नाही.
तलाठ्यानंही इतकं हटकलं नव्हतं कधी.

उरली एक वाट.
शेवटी सतरा असलेल्या नंबरवर कोड पाठवतो, म्हणाला.
तो नंबर मी सोडून तीन वर्षं झाली,
रिचार्ज महागलं तेव्हा.
इम्रानच्या फोनवरून माझा मलाच फोन लावला.
रिंग वाजली,
आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला.

"कोन बोलायलंय?"
बाईचा आवाज, मागं शिलाई मशीन.
मी सगळं सांगितलं. कुलूप, खातं, कोड.
"कोड कुनाला सांगू नका म्हनतेत बँकवाले.
तुमी चोर नसताल कशावरून?"
बरोबरच होतं तिचं.
मशीन थांबलं. मग म्हणाली,
"हितं दर सोमवारी एक म्हातारा फोन करतोय.
राँग नंबर म्हनलं तरी ऐकत नाही,
आकडा सांगतोय अन् ठेवतोय.
नाव सांगा त्याचं."

मैनोद्दीन मामू.

"अन् हीर कोनती?"
मशिदीमागची बारव.
उगवतीच्या पायरीवरून टेप सोडायचा,
तिथं दगडावर चुन्याची खूण आहे, मीच केलेली.
"चुन्याचं मला काय म्हाईत नाही. बारवच म्हनतोय पन."

अहवालात त्या बारवेपुढं तीन वर्षं मी लिहीत आलो:
निरीक्षक उपलब्ध नाही.
एकदा जाऊन यायचं राहिलं,
मोटारसायकलवर चाळीस मिनिटं लागतात.
मामूला नवा नंबर कुणी द्यायचा?
त्यांना जुना पाठ होता.

"मी लिहून ठेवायले," बाई म्हणाली,
"क्यालेंडरच्या मागं, दुधाच्या हिशोबाखाली.
कुनाच्या तरी कामाचं आसंल मनून.
मी पद्मीन. गंगाखेडला आस्ते."

मग तिनं कोड वाचला, एकेक आकडा,
सुईत दोरा ओवल्यासारखा.
मुदत दहा मिनिटांची,
आम्हाला बोलताना अकरा झालेली.
पुन्हा मागवला, तर खात्यानं हात वर केले:
आज फार प्रयत्न झाले. उद्या या.

"मग उद्या लावा," ती म्हणाली,
"सहाच्या पुढं. गिऱ्हाईक गेल्यावर."

इम्राननं झाकण मिटलं.
निळा उजेड तेवढा फटीतून येत राहिला.
मी एक पाठकोरं बिल मागून घेतलं त्याच्याकडून.

"अन् ह्या सोमवारचं घ्या लिहून.
साडेएकोनीस.
टेप तुटलाय म्हनला म्हातारा.
दोरीनं मोजलंय,
फुटाफुटाला गाठ मारून."